कडुनिंबाखालची जागा

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं आणि रामशेजचा किल्ला मागे पडला की द्राक्षबागांमधून एक रस्ता आत वळतो. त्याच्या शेवटी आमची धावपट्टी आहे. धावपट्टी म्हटल्यावर फार काही डोळ्यांपुढे आणू नका. एक डांबरी पट्टा, एक पत्र्याची शेड, स्क्रीन लावलेला एक कंटेनर, झुंबरचं कॅन्टीन आणि कुंपणाला लागून एक जुना कडुनिंब. दोन्ही बाजूंना बागा. छाटणीच्या दिवसांत मोरचुदाच्या फवाऱ्याचा वास कंटेनरच्या आतपर्यंत येतो आणि संध्याकाळी घरी गेल्यावर शर्टालाही येतो.

मी किशोर खैरनार, इथला सेफ्टी पायलट. विमान आपलं आपण उडतं आणि मी कंटेनरमध्ये बसून एका तांबड्या बटणावर अंगठा ठेवून त्याच्याकडे बघत राहतो. काही बिघडलंच तर बटण दाबायचं आणि विमान आपल्या हातात घ्यायचं. एवढ्यासाठी मला पगार मिळतो. सरिता, माझी बायको, मला करवला म्हणते. नटायचं, मिरवायचं, जेवायचं, पण लग्न दुसऱ्याचं.

विमानाचं नाव चंडोल. दोन खाटा टोकाला टोक लावून ठेवाव्यात एवढे त्याचे पंख. पोटात औषधांची पेटी बसते. सुरगाण्याच्या नाहीतर पेठच्या दवाखान्यात साप चावलेला माणूस आला की इथून लस घेऊन हा उडतो, घाट ओलांडतो, तिथे उतरतो आणि परत येतो. त्याला आत कुणी बसलेलं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर बाहेरूनही कुणी लागत नाही.

चंडोलचा बाप म्हणजे धनराज वडजे. आमच्या कंपनीत नव्या शोधांचा सगळा विभाग त्याच्या हाताखाली. आम्ही नाशकातल्या एकाच कॉलेजात, एकाच खोलीत राहून शिकलो. पुढे मी उडायला गेलो, तो उडणाऱ्या यंत्रांना अक्कल द्यायला गेला. मी नोकरीला होतो ती विमान कंपनी बुडाली. त्याचं मात्र एकेक वर आलं. शेवटी त्यानेच मला इथे बोलावून नोकरी दिली.

मला त्याच्याबद्दल काय वाटायचं ते सरळच सांगतो. मी त्याच्यावर जळायचो. थोडाथोडका नाही, आतड्यापासून. त्याचे केस अजून काळे होते यावरून जळायचो. त्याला मिसळीचा काळा रस्सा कितीही प्यायला तरी बाधत नसे, यावरूनसुद्धा. आणि बक्षिसावरून तर अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण ते बक्षीस माझं होतं.

त्याची कल्पना अशी होती. विमानाला वैमानिकाच्या हातांची नक्कल शिकवून फार उपयोग नाही. मुरलेला माणूस उतरताना कुठे बघतो, कशावर रेंगाळतो, कशाकडे दुर्लक्ष करतो, ते शिकवायचं. नजर बरोबर पडली की हात आपोआप मागून येतात. त्यासाठी त्याने एक चष्मा करवून घेतला, बुबुळं टिपणारे बारीक कॅमेरे बसवलेला. तो चष्मा नाकावर चढवून मी महिनोन्‌महिने विमान उतरवत राहिलो. उन्हात, धुक्यात, बागांवरून येणाऱ्या आडव्या वाऱ्यात. नाकाला घट्टे पडले. धनराज त्या सगळ्या काळात जर्मनीत होता. तो परत आला तेव्हा चंडोल माझ्यासारखं बघायला शिकलेला होता.

बक्षीस मिळालं पॅरिसला. भाषणात धनराज म्हणाला, "आमच्या एका वरिष्ठ वैमानिकाच्या नजरेतून हे यंत्र शिकलं." एका! त्या भाषणाचा व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेन. 'एका वरिष्ठ वैमानिकाच्या' म्हणून झाल्यावर तो थांबून पाणी पितो. नाव घेता आलं असतं तेवढ्या वेळात.

त्या बक्षिसाचा फोटो शेडच्या दाराशीच लावलेला होता. रोज सकाळी त्याच्यासमोरून जावं लागे. काच पुसायची राहिलेली दिसली की मला दिवसभर बरं वाटायचं.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. फेब्रुवारीत दिल्लीचे अधिकारी चंडोलची परीक्षा घ्यायला येणार होते. ते पास करतील तर चंडोल राज्यभर जाणार आणि धनराजचं नाव देशभर. त्यामुळे रोज उड्डाणं चालली होती.

उतरण्याच्या वेळी धनराज कधी कंटेनरमध्ये थांबत नसे. ती त्याची पद्धतच होती. स्क्रीनवर बघणं म्हणजे लेकराचं लग्न फोनवर बघण्यासारखं, असं म्हणायचा. बाहेर जाऊन कडुनिंबाखाली, हात मागे बांधून, तो उभा राही. तिथून धावपट्टीचं तोंड सरळ दिसतं.

एका सकाळी पूजाने मला हाक मारली. पूजा आमची सॉफ्टवेअरची इंजिनिअर, मालेगावची. चंडोल कुठे बघतोय ते तिच्या स्क्रीनवर एका हिरव्या ठिपक्याने दिसतं. उतरताना ठिपका धावपट्टीच्या तोंडावर बसतो, मग शेवटाकडे जातो, मग वारा दाखवणाऱ्या नारिंगी पिशवीवर, मग परत तोंडावर. ते माझंच वळण आहे, झोपेतही ओळखेन.

"सर, हे बघा ना," ती म्हणाली.

ठिपका तोंडावर बसला. शेवटाकडे गेला. पिशवीवर गेला. आणि मग धावपट्टी सोडून डावीकडे सरकला, कुंपणापाशी.

"कडुनिंब," मी म्हणालो.

"कडुनिंब नाही सर. त्याच्या खाली. वडजे सर आहेत तिथे."

धनराजला दाखवलं तर तो खो खो हसला. "बापाला ओळखतं पोर!" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी झुंबरची मिसळ काही मला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी पूजाने झुंबरला तिथे उभं केलं. ठिपका गेला नाही. मला उभं केलं, तरी गेला नाही. कडुनिंबाखाली कुणीच नसताना गेला नाही. धनराज जाऊन उभा राहिला आणि ठिपका गेला.

"मी शिकवणीतले चित्रणाचे सगळे तुकडे परत बघितले सर," पूजा म्हणाली. "तुमची नजर एकदाही धावपट्टीबाहेर गेलेली नाही. शिवाय वडजे सर तेव्हा इथे नव्हतेच. मग हे याला शिकवलं कुणी?"

"कॅमेऱ्यात दोष असेल."

"कॅमेरा बदलला."

मी वाऱ्याचा विषय काढला. कारण ठिपका जात कसा होता ते तिने पाहिलं होतं, पण ओळखलं नव्हतं. तो सरळ जात नव्हता. धावपट्टीकडे बघता बघता चोरून जायचा, पटकन परत यायचा, पुन्हा जायचा. पंगतीत शेजारच्याच्या पानात आपल्यापेक्षा जास्त जिलब्या पडल्या का, ते माणूस बघतो ना, तसा. तसं बघणं मला चांगलं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली, ती मी कुणाला बोललो नाही. सकाळी शेडमध्ये शिरलो, फोटोसमोरून गेलो, आणि चहा अर्धा पिऊन झाल्यावर लक्षात आलं की फोटो बघून मला काहीच झालं नव्हतं. मी उठून परत गेलो आणि मुद्दाम त्याच्यासमोर उभा राहिलो. काच लख्ख होती. धनराज हसत होता, हातात बक्षिसाची काचेची ढाल. पोटात काही हललं नाही. घरी जाऊन तो व्हिडिओ लावला. 'एका वरिष्ठ वैमानिकाच्या', मग पाणी. काही नाही. दात काढल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते, तसा मी दिवसभर आत चाचपत होतो.

आधी बरंच वाटलं म्हणा. झोप लागायला लागली. सरिता म्हणाली, "अहो, हल्ली चिडचिड कमी झाली तुमची."

धनराज मात्र सुकायला लागला. गालफडं बसली. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरायला लागली. मिसळीचा पाव अर्धा टाकून उठायचा. नाशकातल्या मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, मेंदूचा फोटो काढला. सगळं उत्तम. रविवारी उड्डाणं बंद असत, तेव्हा सोमवारी तो जरा टवटवीत येई. शनिवारपर्यंत पुन्हा चिपाड.

आणि कडुनिंब. कडुनिंबाला कधी काही होत नाही. पण त्याची एक फांदी, धनराजच्या डोक्यावर यायची तेवढीच, पिवळी पडली आणि मग वाळली. बाकी झाड हिरवंगार. झुंबर म्हणाला, शेजारच्या बागेतला फवारा लागला असेल. फवारा एकाच फांदीला कसा लागेल, हे त्याने विचारलं नाही. मीही नाही.

ठिपका आता डावीकडे जास्त वेळ थांबत होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धनराजची आई आली. लंकाबाई. दिंडोरीच्या अलीकडे त्यांची बाग आहे. कॉलेजात असताना त्यांच्या हातचा ठेचा आम्ही दोघांनी एका डब्यातून खाल्लेला. चंडोलची पूजा करायला त्या आल्या, तेव्हा तो सरावाच्या उड्डाणावरून उतरत होता आणि धनराज कडुनिंबाखाली उभा होता. त्यांनी पंखाला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. पूजेत सगळे होते, हैदराबादहून आलेले मालकसुद्धा. मग त्या धनराजकडे वळल्या आणि त्याला बघतच राहिल्या.

"किशोर, ह्याचं त्वांड बघ रे," त्या मला म्हणाल्या. "ताप नाय, खोकला नाय. डाक्टर म्हनतो समदं बरूबर हाय. मंग मानूस असा का वाळतो?"

"काम फार आहे, मावशी."

"काम समद्यांलाच ऱ्हातं."

त्यांनी झुंबरकडून घमेल्यात निखारे मागवले. मूठभर मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेऊन धनराजवरून उतरवायला लागल्या. धनराज लाजून हसत होता, पण खुर्चीत गप्प बसला. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, असं काहीतरी त्या पुटपुटत होत्या. मग त्यांनी मूठ निखाऱ्यांवर उघडली.

मिरच्या तडतडल्या. फुगल्या, काळ्या पडल्या. धूर उठला, चांगला दाट, आणि कॅन्टीनच्या पत्र्याखाली साठला. आम्ही सगळेच रुमाल नाकाशी नेऊन उभे होतो.

कुणालाच ठसका आला नाही.

रुमाल एकेक करून खाली आले. डोळ्यांतून पाणी नाही, घशात खवखव नाही. वासही नाही. मीठ फुटत होतं तेवढाच आवाज.

आता ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. मिरच्यांचा ठसका उठला तर काही नाही, माणूस नुसताच दमलेला. ठसका उठला नाही तर दृष्ट लागलेली, आणि जेवढी कडक, तेवढा धूर मुका. मी असल्या गोष्टी मानत नाही. म्हणून मीच पहिल्यांदा बोललो.

"झुंबर, शिळ्या आहेत तुझ्या मिरच्या."

"नाय साहेब. कालच घोटीच्या बाजारातून आनल्या. सकाळी फोडणीला टाकल्या तर समदं कॅन्टीन खोकत होतं. तुमीच नाय का शिव्या घातल्या?"

घातल्या होत्या.

लंकाबाईंनी मला बाजूला घेतलं. "तू त्याचा दोस्त. माझं तो ऐकत नाय. त्याला त्या इमानाच्या म्होरं उभं राहू देऊ नको."

"विमान काय करणार मावशी? ते तर यंत्र आहे."

"मला काय समजतंय बाबा. पन ते उतरताना मी आत्ता पाह्यलं. ते पोराकडं बघत व्हतं."

मी बरं म्हणालो. संध्याकाळी धनराजला गाठून म्हटलं, "धन्या, उद्या माझ्याजवळ आत बस. बाहेर उभा राहू नको."

"का? फोटोत मी नको का?" तो हसला. हसताना दात मोठे दिसले, तोंड इतकं बारीक झालं होतं. "किशा, तुझं पोट दुखतं हे मला कॉलेजपासून माहीत आहे. मी कधी राग धरला नाही. पण उद्याचा एक दिवस जाऊ दे."

हल्ली दुखत नाही, हे त्याला सांगणार कसं? आणि सांगितलं असतं तर मग ते गेलं कुठे, हे विचारलं असतं त्याने. हुशार माणूस होता.

परीक्षेची सकाळ स्वच्छ होती. बागांवर थोडं धुकं होतं, तेही उन्हाबरोबर विरलं. दिल्लीचे अधिकारी शेडसमोर खुर्च्या टाकून बसले होते. चंडोल सुरगाण्याला जाऊन, पेटी उतरवून, परत निघाला होता. सगळं घड्याळासारखं झालं होतं. धनराजला नुसतं चार पावलं चालून कडुनिंबाखाली उभं राहायचं होतं, आणि तो जाऊन उभा राहिला. एक हात त्याने खोडाला टेकवला होता. आधी कधी टेकवत नसे.

मी कंटेनरमध्ये होतो. बटणावर अंगठा. पूजा शेजारी.

रामशेजच्या अंगाने चंडोल वळला आणि धावपट्टीच्या रेषेत आला. ठिपका तोंडावर बसला. शेवटाकडे गेला. पिशवीवर गेला.

मग डावीकडे गेला.

मी तो परत यायची वाट बघितली.

"सर," पूजा म्हणाली.

ठिपका परत येत नव्हता. तो धनराजवर बसला होता आणि हलत नव्हता. आता चोरून बघणं नव्हतं. समोरच्या स्क्रीनवर, चंडोलच्या कॅमेऱ्यातून, मला धावपट्टी उजवीकडे सरकताना दिसली आणि कडुनिंब मधोमध आला. झाड वाढत गेलं. खाली पांढरा शर्ट. धनराज खोडाला धरून खाली घसरत होता.

पूर्वीचा मी असतो तर काय केलं असतं? एक क्षण थांबलो असतो का? माहीत नाही. त्या सकाळी माझ्यात थांबायला काही उरलेलंच नव्हतं.

मी बटण दाबलं.

विमान माझ्या हातात आलं. त्याचं बघणं बंद झालं. बटण दाबलं की ठिपका विझतो, ते तसंच बनवलंय.

ठिपका विझला नाही.

"बंद झालाय तो सर," पूजाचा आवाज फाटला. "सगळं बंद झालंय. मग बघतंय कोण?"

मी नाक वर उचललं, इंजिनला पूर्ण जोर दिला. चंडोल कडुनिंबाच्या शेंड्याला घासून गेला. वाळकी पानं सगळी एकदम झडली.

वर नेऊन, लांब फेरी मारून, मी त्याला उलट्या बाजूने, कडुनिंबाकडे शेपूट करून, हाताने उतरवला. ठिपका तेव्हा नव्हता.

बाहेर पळत आलो तर धनराज खोडाला पाठ लावून जमिनीवर बसला होता. केसांत, खांद्यांवर वाळकी पानं. लोक पाणी घेऊन धावले होते. त्याने पाणी बाजूला सारलं आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"शेवटी केलंसच, किशा," तो म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावरची पानं झटकायला लागलो; सांगणार काय? दिल्लीच्या लोकांसमोर, त्याच्या आयुष्याच्या दिवशी, त्याचं लेकरू उतरायच्या क्षणी मी हिसकावून घेतलं होतं. सगळ्या ऑफिसला माझं पोट माहीत होतं.

पूजाने त्याच दुपारी नोंदी उघडल्या. नोंदी म्हणत होत्या, मी बटण दाबेपर्यंत चंडोल धावपट्टीच्या मधल्या रेषेवर होता. डावीकडे सरकलाच नव्हता. स्क्रीनवर दिसलेलं झाडाचं ते चित्रही कुठे नव्हतं. "पण आपण बघितलं ना सर?" ती विचारत होती. मी म्हणालो, बघितलं.

आता यातली गंमत बघा. दिल्लीचे अधिकारी खूश झाले. यंत्र उतरतं हे त्यांना माहीतच होतं. ऐन वेळी माणूस यंत्राच्या हातून विमान काढून घेऊ शकतो का, ते त्यांना बघायचं होतं, आणि ते मी न सांगता दाखवलं होतं. शाबासकी मला मिळाली. कागदावर माझं नाव आलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. धनराजने तब्येतीचं कारण सांगून महिनाअखेर राजीनामा दिला आणि बाग बघायला दिंडोरीला गेला. मालकांनी त्याची खुर्ची मला दिली. हिशेबातला माणूस मला हळूच म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला, नाही का साहेब?"

किती वर्षं मला ती खुर्ची हवी होती! मी तिच्यात बसलो, पाठ टेकवली आणि वाट बघत राहिलो. खुर्ची चांगली होती. एवढंच वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी दिंडोरीला जाऊन आलो. धनराज ट्रॅक्टरवर होता. गाल भरले होते, रंग आला होता, हातातल्या घडातले मणी तोंडात टाकत होता. आमच्यात फार बोलणं झालं नाही. त्याला बघून जुनं काही येतंय का, म्हणून मी थोडा वेळ थांबलो. इतकी बाग, इतकी झोप, इतकी तब्येत. काही आलं नाही.

लंकाबाईंनी चहा दिला. कप माझ्या हातात देताना त्यांनी हळू आवाजात विचारलं, "त्या जागी आता कोन उभं ऱ्हातं?"

मी चहा गरम आहे म्हणालो.

चंडोलला जुनं सगळं विसरायला लावलं आहे. तो हुकूम मीच काढला. माझी नजर, माझे सगळे तुकडे, पूजाने माझ्यासमोर पुसून टाकले. रविराज नावाचा नवा वैमानिक आला, साधा, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने चष्मा घालून विमान उतरवलं आणि चंडोल त्याच्यासारखं बघायला शिकला. वळणच वेगळं. ठिपका आधी पिशवीवर जातो, मग तोंडावर.

काल त्याचं पहिलं उड्डाण होतं. कंटेनरमध्ये रविराज आणि पूजा. मला आत जागा नव्हती असं नाही. पण चंडोल वळताना दिसला आणि माझे पाय बाहेर निघाले. बरं दिसतं तिथून. हात मागे बांधून उभा राहिलो तेव्हा कळलं की कुठे उभा आहे. डोक्यावरची वाळकी फांदी झुंबरने कापून टाकली आहे, तिच्या शेजारची चांगली हिरवी आहे.

चंडोल सुरेख उतरला.

पूजा बाहेर आली ती लॅपटॉप छातीशी मिटून धरून.

"कसं झालं?"

"छान झालं सर."

"आणि ठिपका?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या तुम्ही आत बसा ना सर."

आज सकाळी पेपरात माझा फोटो आला आहे. हवेत नव्या युगाची सुरुवात करणारे नाशिककर, असं काहीबाही खाली छापलंय. सरिताने तो शेजाऱ्यांना दाखवला, बहिणींना पाठवला. संध्याकाळी मी घरी आलो तर मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. "किती जणांचे डोळे लागले असतील," म्हणाली. मी हसलो. तिनेही हसत हसत मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि गॅसवर तापलेल्या तव्यात टाकल्या. मिरच्या त्याच डब्यातल्या होत्या, दुपारी आमटीच्या फोडणीला टाकल्या तेव्हा समोरच्या काकूंनी खोकत दार लावून घेतलं होतं.

त्या तडतडल्या. फुगल्या, काळ्या पडल्या. धूर ट्यूबलाइटपाशी जमला. सरिताने पदर नाकाशी धरला, आणि जरा वेळाने काढला.

मी पाटावरून उठलो, खिडकी लावून घेतली आणि तव्यावर वाकून छाती भरून श्वास घेतला.

"शिळ्या असतील," सरिता म्हणाली, आणि डब्यातल्या आणखी मूठभर मिरच्या तिने तव्यात टाकल्या.